जुन्या मोजणीतून जंगल उभं करायचं म्हणे!

मोजणीदार : काल इथे कुणी लिहिलं, ‘इंग्रजांच्या काळातल्या विंगेट-गोल्डस्मिड जमीनमोजणीचे कागद काढा, गावोगावचं जुनं जंगल कळेल, मग तेवढी झाडं परत लावा.’ अहो, 1836 ला इंदापुरात ती मोजणी लागू झाली ती शेतसारा ठरवण्यासाठी! मातीची खोली बघून जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची. बाकी खडक, ओढा, झुडूप सगळं खराब्यात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमिनीत. त्यातून जंगल कसं काढणार?

सह्याद्रीवेडा : काल लिहिणारा मीच. अमेरिकेत 1785 च्या कायद्यानंतरच्या सरकारी मोजणीत जमिनीच्या तुकड्यांच्या कोपऱ्यावरल्या खुणेजवळच्या झाडांची जात, जाडी आणि अंतर लिहिलेलं आहे. अंतरावरून दाटी काढतात. आपल्याला जमत नाही म्हणून पद्धतच खोटी?

मोजणीदार : तिथेही खूण टिकेल असंच झाड निवडायचा मोह होताच की. आणि आपल्याकडे झाडाची जात लिहिलीय कुठे? सागवान सोडलं तर.

माणदेशी : ‘तेवढी झाडं लावा’ इथेच डोकं फिरतं. आमच्या माळावर एका योजनेत चर खणून गिरिपुष्पाची झाडं लावली. कुसळी गवत गेलं, मेंढरांना बंदी. ते जंगल कधी नव्हतंच, माळच होता! लांडगा, चंडोल, सगळे त्याच्यावर जगलेले.

सह्याद्रीवेडा : मेंढरांनी चारूनच माळ झाला असेल.

माणदेशी : आलं का! धनगराला धरा, आणि स्लीपरसाठी साग तोडणाऱ्या रेल्वेला सोडा.

वरकसवाली : भांडा खुशाल. आमच्या डोंगरावर आजोबा राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, ऐनाच्या फांद्या दरसाल तोडायचे. कोयतीच्या घावांनी खोडाला गाठीच गाठी. शेंडा नाही, पण झाड जिवंत. कागदावर ते वरकस, नाचणीची जमीन. तुमच्या नकाशात त्याला काय म्हणणार, जंगल की शेत?

मोजणीदार : हे बरोबर बोललात ताई.

सह्याद्रीवेडा : म्हणजे मीच मूर्ख, छान. तरी 1847 ला अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाल्यानंतरचे वनखात्याचे अहवाल, गावनकाशे, देवरायांच्या जागा एकत्र ठेवल्या तर काहीतरी हाती लागेल की नाही?

मोजणीदार : लागेल, तालुकानिहाय अंदाज. गावनिहाय झाडं मोजणार असाल तर रामराम. बाय द वे, मोडी वाचता येते ना?

सह्याद्रीवेडा : क्लास लावलाय.

माणदेशी : तोवर माळावर खड्डे खणू नका म्हणजे झालं.