मुलांचे नुसते ऐकून घेणे पुरते का?

शालेय समुपदेशक : “मुलाला मन मोकळे करू द्यावे, तो आपोआप सावरतो,” असे एका पालकांनी काल येथे लिहिले. हा सल्ला जीव द्यावासा वाटणाऱ्या मुलांना लागू करणे मला धोक्याचे वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटीमध्ये (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे अनावर भावना सावरण्याची कौशल्ये शिकवणारी उपचारपद्धती) वैयक्तिक सत्रे असतात, किशोरवयीनांसाठी पालकांसह कौशल्यांचा वर्ग असतो आणि मन अनावर झाले की थेरपिस्टला फोन करता येतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, 173 किशोरवयीनांवरील अमेरिकी चाचणीत डीबीटीच्या गटात सहा महिन्यांच्या उपचारांअखेर आत्महत्येचे प्रयत्न आधारपर, म्हणजे मुख्यतः ऐकून घेऊन धीर देणाऱ्या, समुपदेशनाच्या गटापेक्षा कमी आढळले.

कालचा पालक : तीच चाचणी पुढेही वाचावी. नंतरच्या सहा महिन्यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही, हे आपण गाळलेत. माझा मुलगा कित्येक महिने एका समुपदेशकाकडे जात होता. त्याच्या मनात काय घोळते आहे, याचा शब्दही आम्हाला कळला नाही. घरातली औषधे कुलपात ठेवा, एवढेही कुणी सांगितले नाही. ही कसली गोपनीयता?

एक विद्यार्थिनी : काका, माझे बोलणे घरी पोहोचले असते, तर मी दुसऱ्या सत्राला गेलेच नसते. माझ्या समुपदेशकांनी “मरून जावेसे वाटते का?” असे थेट विचारले आणि माझ्याकडूनच सुरक्षा-योजना लिहून घेतली. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असे. धोक्याची लक्षणे, त्या वेळी काय करायचे आणि मग फोन कुणाला, तर आत्याला. कारण आईला सांगण्याचा धीर मला नव्हता.

कालचा पालक : म्हणजे आईवडील परके आणि आत्या जवळची! रात्र-रात्र जागून काढणाऱ्यांनाच दाराबाहेर बसवायचे, हे मला मुळीच मान्य नाही.

शालेय समुपदेशक : दाराबाहेर कुणीच बसवत नाही. जिवाला धोका दिसला तर पालकांना सांगितले जाईल, ही मर्यादा मुलाला पहिल्याच सत्रात स्पष्ट करायची असते आणि औषधे दूर ठेवण्याची सूचनाही वेळेवर द्यायची असते. ती आपल्याला मिळाली नाही, ही गंभीर चूक होती. फरक टिकला नाही, हा आपला मुद्दाही खरा; परंतु ज्या सहा महिन्यांत प्रयत्न टळले, ते मी कमी लेखणार नाही.

कालचा पालक : पहिल्याच सत्रात सांगत असाल, तर गोपनीयतेला माझी हरकत नाही. मात्र तेव्हा आम्हालाही समोर बसवा.

एक विद्यार्थिनी : त्या पहिल्या अर्ध्या तासापुरते माझे आईबाबाही आत होते. हे वाचणाऱ्या कुणाला आज रात्रीच बोलायची गरज असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.