मदत हवी आहे: नवजात मुलीच्या माकडहाडाजवळ टेराटोमाची गाठ, ऑपरेशन झालेल्या बाळांच्या पालकांशी बोलायचंय

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीला नुकतीच सोलापुरात मुलगी झाली. बाळ दूध छान ओढतंय, वजनही बरं आहे. पण माकडहाडापाशी मोसंबीएवढी गाठ आहे. वरची कातडी ताणून चकचकीत झालीय, निळ्या शिरा दिसतात. लंगोट बांधता येत नाही, म्हणून आई तिला कुशीवर निजवून खाली जुन्या धोतराची मऊ घडी घालते.

सोनोग्राफी, एमआरआय झालं. निदान सॅक्रोकॉक्सिजियल टेराटोमा, म्हणजे माकडहाडापाशी गर्भातच तयार झालेली, वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींची गाठ. लहान मुलांच्या सर्जननी शांतपणे समजावलं. साधारण ३५ ते ४० हजार जन्मांत एखाद्या बाळाला असं होतं, मुलींत जास्त. जन्मतःच सापडलेल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण दोन महिन्यांपुढे ढकललं तर तो धोका वाढत जातो. म्हणून लवकर काढायची, आणि माकडहाडासकट. ते ठेवलं तर गाठ पुन्हा येण्याची भीती जास्त.

मला हे पटलंय. अडचण घरात आहे. बहिणीच्या सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा जिवाला सुरी नको, सव्वा महिना होऊ दे, अंग धरू दे." त्यांची मायाच आहे ती, पण वेळ जातोय. त्यात कुणीतरी ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं असं बोललं आणि बहीण रात्रभर रडत बसली. तिच्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे तिला कितीदा सांगू?

ज्यांच्या बाळाचं हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया लिहा. जखम शीच्या जागेला लागूनच असते, ती कोरडी कशी ठेवलीत? पुढे शी-शूवर ताबा नीट आला का? अल्फा फीटोप्रोटीन (रक्तातलं एक प्रथिन, गाठ पुन्हा आली तर ते वाढू शकतं) नवजात बाळात मुळातच जास्त असतं आणि हळूहळू उतरतं म्हणे. मग पुढची काही वर्षं ते तपासत राहायचं, तर रिपोर्ट पाहताना कशाकडे लक्ष ठेवायचं?

मेहुणे अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहेत, खर्चाचा प्रश्न आहेच. महात्मा फुले योजनेत कुणाचं झालंय का, कागदपत्रं कोणती लागली? मुंबईत परळच्या वाडिया हॉस्पिटलचा अनुभव असेल तर तोही सांगा, सिद्धेश्वर एक्सप्रेसने रातोरात निघायची तयारी आहे.

आणि एखादी आई सासूबाईंशी फोनवर दोन शब्द बोलायला तयार असेल, तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्यापेक्षा तिचं त्या ऐकतील.