मदत हवी आहे: सिगार एकाच बाजूने जळतोय

मंडळी, मामांनी दुबईहून क्यूबन रोबुस्तो (आखूड, जाडसर सिगार) आणलेत, साधारण 5 इंची. पहिला काल गॅलरीत पेटवला तर एक बाजू सरसर जळत गेली आणि दुसरी तशीच कोरी, अक्षरशः जीव हळहळला. काडीचा गंधक जळून जाईपर्यंत थांबलो होतो, मग टोक ज्योतीच्या जरा वर धरून गोल फिरवत शेकलं, पण मधला भाग लाल व्हायच्या आतच काडी संपली. आता ब्युटेनचं टॉर्च लायटर घेऊ का बॉक्समधल्या सीडरच्या लाकडाच्या पातळ पट्टीने पेटवू? पेट्रोलच्या लायटरने चव बिघडते म्हणून ते नकोच. की मुंबईच्या पावसाळ्यात सिगार सर्दावल्यामुळे असं होतंय? उरलेले 4 वाया घालवायचे नाहीयेत, प्लीज सांगा.