मोठा झालेला जर्मन शेफर्ड कुत्रा आणताना खुबे बघून घ्या
शेल्टरमधला मोठा शेफर्ड घरात रुळत नाही, पिल्लूच आणा असं कोणी म्हटलं की ते मला अजिबात पटत नाही. आमचा शेरू चार वर्षांचा असताना आणला, सुरुवातीला दाराशीच बसून राहायचा, आता आई पोळ्या लाटायला लागली की ओट्याखाली त्याची जागा ठरलेली. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, या जातीत हिप डिस्प्लेसिया खूप, म्हणजे खुब्याचा सांधा नीट बसलेला नसतो, म्हणून घ्यायच्या आधी त्याला पळवून बघा, मागचे दोन्ही पाय एकदम टाकत सशासारखा उड्या मारत असेल किंवा उठताना अडखळत असेल तर एक्सरे काढाच.

तसं निघालं तरी नको म्हणू नका प्लीज, वजन आटोक्यात ठेवलं की बराच फरक पडतो, आणि फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर जुन्या सतरंज्या नाहीतर रबरी मॅट टाका, पाय घसरत नाहीत.