मदत हवी आहे: लेथसाठी स्वस्त लाकूड सोलापुरात कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो. घरी छोटा लेथ बसवलाय, लाटणी-रवी-वाट्या कातायचा नाद लागलाय. वखारीत सागवानाचा भाव ऐकला आणि गपगुमान परत आलो. शिकाऊ हाताने सागवान वाया घालवणं परवडत नाही हो.

मध्यंतरी कडुनिंबाची ओली फांदी फुकट मिळाली. टोकांना मेण न लावता गच्चीवर ठेवली. आपल्या उन्हात आठ दिवसांत मधोमध तडकली. चूक माझीच.

बाभूळ, चिंच, बोर, काहीही चालेल. चार-पाच इंच जाडीचे, फूटभर लांब तुकडे हवेत. जळाऊ म्हणून जाणारं लाकूड किलोवर देणारी सॉ मिल माहितीय का? किंवा कुणाकडे जुन्या हातमागाचं मोडकं लाकूड पडलंय? खिळे मीच काढून घेईन.