अधिवेशनावरचा मोर्चा : १९९४ सारखं पुन्हा होऊ नये म्हणून स्वयंसेवकांनी नेमकं काय करायचं?

प्रश्न : धंतोलीकर

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमच्या संघटनेचा मोर्चा आहे. यशवंत स्टेडियममधून निघेल, पोलीस मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवतील. अंदाजे २०,००० लोक, त्यात बाया-लेकरं बरीच. स्वयंसेवक २०० आहेत. २३ नोव्हेंबर १९९४ ला इथंच गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. तेव्हा नेमकं काय चुकलं आणि आपल्या हातात काय असतं, हे जाणकारांनी सांगावं. ‘शिस्त पाळा’ एवढ्यानं भागत नाही.

उत्तर : सीताबर्डी

आधी एक गैरसमज काढून टाका. ‘चेंगराचेंगरी’ म्हटलं की लोक घाबरून पळाले आणि एकमेकांना तुडवलं, असं डोळ्यांसमोर येतं. अशा गर्दीत बहुतेक माणसं उभ्या-उभ्या गुदमरून मरतात. छाती चारी बाजूंनी दाबली की श्वास आत घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून दोष गर्दीच्या वागण्यात शोधण्याआधी जागा किती होती आणि वाट कुठं बंद होती, हे विचारायचं.

त्या दिवशी लोक संध्याकाळपर्यंत वाट बघत बसले होते. सरकारतर्फे कुणी निवेदन घ्यायला आलं नाही. मंत्री आले या समजुतीनं लोक उठले, पुढं सरकले. समोर कठडे, त्यात लाठीमार. पुढचे मागं वळले, मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, ते रेटतच राहिले. मुख्य कारण हेच.

आता हिशेब. एका चौरस मीटरात ४ माणसं म्हणजे दाट, पण हलता येतं. ६-७ झाली की माणूस स्वतःच्या पायानं चालत नाही, गर्दी त्याला नेते. १२ मीटर रुंद रस्त्याच्या १०० मीटर तुकड्यात ४,८०० च्या वर माणसं नकोत. २०,००० लोकांना ४०० मीटरहून जास्त रस्ता लागतो, म्हणजे तुमची शेपटी टी पॉइंटपासून बरीच मागं असणार. बाहेर पडायला ५ मीटरची एकच वाट असेल, तर मिनिटाला फार तर ४०० जण निघतात. सगळे निघायला ५० मिनिटं. ही वाट कोणती, हे परवानगीच्या बैठकीतच पोलिसांकडून नकाशावर ठरवून घ्या.

उत्तर : मोर्चा_नियोजन

वरच्यात भर. २०० जणांपैकी निम्मे तरी मागं ठेवा. सगळे पुढाऱ्यांभोवती उभे राहतात, ही आपली नेहमीची चूक. रेटा मागून येतो, तो मागंच थांबवावा लागतो. पुढून शिट्टीची खूण आली की शेपटीनं जागीच बसायचं. बसलेली गर्दी पुढं लोटत नाही.

भोंगे दर ५०-६० मीटरवर हवेत. ट्रकवरचा एकच भोंगा असला की मागं अफवाच पोचते. ‘साहेब आले’ ही घोषणा माइकवरून कुणीही करायची नाही. शिष्टमंडळाची नावं आणि भेटीची वेळ आधी ठरवा, ती दर अर्ध्या तासानं सांगत राहा. भेट झाली नाही तर तेही सांगा. आणि साडेपाचच्या आत मोर्चा विसर्जित करा, नोव्हेंबर-डिसेंबरात त्यानंतर अंधार पडतो.

बाया-लेकरं सर्वांत पुढं ठेवायची पद्धत बंद करा. कठड्याला टेकलेल्या माणसावर दाब सर्वांत जास्त येतो. त्यांना मधल्या भागात, मोकळ्या कडेला ठेवा. ॲम्ब्युलन्सची कडेची पट्टी शेवटपर्यंत रिकामी हवी, तिथं पाण्याचा टँकरसुद्धा नको.

धंतोलीकर

गर्दी धोक्याची झाली हे आत उभ्या स्वयंसेवकाला कसं कळणार?

उत्तर : मोर्चा_नियोजन

हात वर करून तोंडावर नेता येत नसेल, किंवा शेताच्या पिकासारखी गर्दी लाटेनं डोलायला लागली, तर उशीर होत आलाय. ताबडतोब आवक थांबवा. अडकलेल्यानं दोन्ही हात छातीपुढं घट्ट धरायचे, रेट्याला उलट ढकलायचं नाही, लाट ओसरली की तिरकं कडेकडं सरकायचं. खाली काही पडलं तर वाकायचं नाही. बेशुद्ध माणसाचा श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला तिथंच सुरुवात करा, दुसऱ्यानं १०८ लावायचा.

उत्तर : झिरोमाईल

हे सगळं करा, पण जबाबदारी फक्त आयोजकांची असं मनात धरू नका. गोवारी तिथं आले ते २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयामुळं अनुसूचित जमातीचे दाखले थांबले म्हणून. घटनेनंतर आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचडांनी राजीनामा दिला, चौकशीसाठी नेमलेल्या दाणी आयोगानं कुणालाही दोषी धरलं नाही. १९९५ ला विशेष मागास प्रवर्गात २ टक्के आरक्षण मिळालं, अनुसूचित जमातीची मूळ मागणी तशीच राहिली. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निकाल गोवारींच्या बाजूनं दिला, १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

म्हणून परवानगीच्या अर्जातच लिहा : निवेदन कोणता मंत्री, किती वाजता, कुठं स्वीकारणार. उत्तर लेखी मागा आणि पोच जपून ठेवा.