मदत हवी आहे: नाशिकमध्ये वडिलांसाठी समुपदेशक

आई जाऊन आठ महिने झाले. अण्णा ७८ वर्षांचे. रोज पहाटे पंचवटीतून रामकुंडापर्यंत फेरी मारणारा माणूस आता उंबरा ओलांडत नाही. चहा दोन कप ओततात, एक तसाच गार होतो. थायरॉईड, बी-१२ तपासून झालं, सगळं नॉर्मल. टेलिमानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६) फोन केला, ते छान बोलले. पण अण्णांना फोनवर नीट ऐकू येत नाही.

एका समुपदेशकांकडे नेलं तर ते सगळं मलाच विचारत होते, अण्णा समोर बसलेले असताना! तेव्हापासून "मी काय वेडा आहे का?" म्हणतात.

मराठीत, सावकाश, त्यांच्याशीच बोलणारं, जुन्या आठवणी काढू देणारं, शक्यतो घरी येणारं कुणी माहीत आहे का? स्वतःचा अनुभव असेल तर कृपया सांगा.